दवाखान्याच्या भेटीला जाताना आधी बाकड्यावर बसा

परवा तिन्हीसांजेला शेजारची सुनबाई पिठाचे हात तसेच घेऊन दारात उभी राहिली. "आक्का, माझं नाव दवाखान्याच्या समितीवर लावलंय. सोमवारी भेट द्यायची हाय म्हणं. तिथं जाऊन बघायचं काय असतं ओ?"

सरकारी दवाखान्यावर गावाच्या वतीनं लक्ष ठेवणारी ही समिती. कागदावर तिचं नाव आता जन आरोग्य समिती आहे. आमच्या कराडच्या बाजूला अजून सगळे रुग्ण कल्याण समितीच म्हणतात. मी तेहतीस वर्षं आरोग्य खात्यात काढली, आधी ढेबेवाडी खोऱ्यात आरोग्यसेविका म्हणून आणि मग खटाव तालुक्यात आरोग्य सहायिका म्हणून. तेवढ्या काळात माझ्या दवाखान्यांवर कितीतरी 'भेटी' झाल्या. बहुतेक सगळ्या एकाच वळणाच्या: गाडी येते, चहा होतो, वहीवर लाल शाईत सही होते, 'स्वच्छता ठेवावी' असा शेरा पडतो, गाडी जाते. दुसऱ्या दिवशी दवाखाना होता तसाच. ज्या भेटींनंतर खरंच काही हललं त्या एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्या माणसांना बघून जे शिकले ते सुनबाईला दोन संध्याकाळी बसून सांगितलं. तेच इथं लिहिते. समितीवरच्या कुणालाही उपयोगी पडेल, मग तो सरपंच असो, बचत गटातली ताई असो नाहीतर निवृत्त गुरुजी.

आधी बाकडं

साहेबांच्या खोलीत पहिल्यांदा जाऊ नका. बाजाराच्या दिवशी केसपेपरची खिडकी उघडायच्या आधी जा आणि पेशंटच्या बाकड्यावर बसा. गावात ओळख लपत नाही हे खरं, पण बाकड्यावर बसलेलं माणूस पंधरा मिनिटांत सगळ्यांच्या विसरात जातं. हातात घड्याळ आणि एक साधी वही ठेवा. दहा पेशंट निवडा. माणूस कधी आला, डॉक्टरांपुढं कधी बसला, गोळ्या घेऊन बाहेर कधी पडला, एवढ्या तीन वेळा प्रत्येकापुढं लिहा. नाव लिहायची गरज नाही. 'निळा फेटा', 'कडेवर पोर' एवढं पुरतं.

मी एकदा असं केलं तेव्हा एका म्हातारीचे दोन तास दहा मिनिटं गेले होते, त्यातली डॉक्टरांपुढची चार. सगळे डॉक्टरांना उशिराचा दोष देत होते. वही बघितली तर तुंबलं होतं भलतीकडंच: केसपेपर काढणारा आणि गोळ्या देणारा माणूस एकच होता, तो खिडकी बदलत होता. एक शिपाई सकाळी दोन तास केसपेपरला बसवला आणि रांग निम्मी झाली. हे साहेबांच्या खोलीत बसून कधीच दिसलं नसतं.

बाकड्यावर बसल्या बसल्या आणखी एक बघा. बाईमाणूस लघवीला कुठं जातं? संडास बांधलेला असतो, फरशी चकचकीत असते आणि दाराला कुलूप असतं. 'घाण करतात म्हणून' हे उत्तर तुम्हाला मिळेलच. किल्ली कुणाकडं आहे ते विचारा आणि स्वतः आत जाऊन नळ सोडून बघा. २०१५ साली स्वच्छतेची कायाकल्प योजना आल्यापासून दवाखान्यांना रंग लागले, कुंड्या आल्या, ते चांगलंच झालं. पण मी असे दवाखाने बघितलेत जिथं भिंतीवर हात धुण्याच्या पायऱ्यांचं सुंदर चित्र आहे आणि खालच्या बेसिनला साबण नाही.

एक गोष्ट चार तोंडांनी विचारायची

सरकारची गुणवत्तेची मोठी मानकं आहेत, आमच्या बोलण्यात 'एनक्वास'. २०१३ पासून आहेत. त्यांच्या चेकलिस्टा जाडजूड आहेत, त्या सगळ्या समितीनं पाठ करायची गरज नाही. पण त्यातली एक रीत सोन्यासारखी आहे. कुठलीही गोष्ट चार मार्गांनी तपासायची: डोळ्यांनी बघून, कर्मचाऱ्याला विचारून, वही वाचून आणि पेशंटला विचारून. मग गुण द्यायचे, पूर्ण असेल तर २, अर्धवट असेल तर १, नसेल तर ०. दवाखान्याला प्रमाणपत्र मिळायला एकूण ७० टक्के लागतात. तुम्हाला प्रमाणपत्र द्यायचं नाही, तेव्हा टक्क्यांच्या नादी लागू नका. चार उत्तरं एकमेकांशी जुळतात का तेवढंच बघा. जिथं जुळत नाहीत तिथंच थांबायचं.

वही कशी खोटं बोलते ते मी स्वतःच्या वहीवरून सांगते.

लसीच्या फ्रीजला आम्ही आयएलआर म्हणतो. त्याचं तापमान २ ते ८ अंशांत राहायला हवं आणि सकाळ-संध्याकाळ बघून ते वहीत लिहायचं असतं, रविवार असो की दिवाळी. नव्वदच्या दशकातली गोष्ट. पावसाळ्यात खोऱ्यात चार-चार दिवस लाईट नसायची, मी एकटी, दोन वाड्यांना भेटी. मी काय करायची, शनिवारी संध्याकाळीच रविवारचे दोन्ही आकडे लिहून टाकायची. ४ आणि ४. एकदा जिल्ह्यावरून एक साहेब आले. त्यांनी वही उघडली, पानावरून बोट फिरवलं आणि काहीच बोलले नाहीत. पिशवीतून स्वतःचा थर्मामीटर काढला, आयएलआरमध्ये ठेवला आणि मला म्हणाले, "बाई, चहा करा." चहा होईपर्यंत पारा शून्याच्या खाली गेला होता. कुणीतरी फ्रीजचा थंडी कमी-जास्त करायचा डायल फिरवला होता आणि माझ्या वहीत महिनाभर ४, ४, ४.

उन्हानं लस खराब होते हे सगळ्यांना माहीत असतं. त्रिगुणी आणि धनुर्वाताची लस गोठली तरी वाया जाते हे फार थोड्यांच्या लक्षात असतं. साहेबांनी दोन कुप्या घेतल्या, एक मुद्दाम गोठवून वितळवलेली आणि एक माझ्या फ्रीजमधली. दोन्ही हलवून टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. दहाएक मिनिटांत दोन्हींच्या तळाला सारखाच चुना साचला आणि वर नितळ पाणी. म्हणजे माझी लस गोठून गेलेली. मग त्यांनी एवढंच विचारलं, "रविवारी कोण आलं होतं?" मला रडू आलं, पण त्यांनी मेमो दिला नाही. डायलला चिकटपट्टी लावली, माझ्या भेटींच्या दिवशी तापमान कोण बघणार ते शिपायाच्या नावानिशी लिहून घेतलं आणि पुढच्या महिन्यात न सांगता परत आले.

आता बहुतेक ठिकाणी फ्रीजला यंत्र बसवलंय, तापमान परस्पर मोबाईलवर जातं. तरी वही मागाच. एकाच पेनानं, एकाच झोकात लिहिलेला आठवडा ओळखू येतो. हीच युक्ती रक्तदाबाच्या वहीला लावा. एका पानावर ओळीनं १२०/८०, १३०/८०, १२०/८० दिसलं तर यंत्र खरंच लावलं का, अशी शंका घ्या. डिजिटल यंत्र १२७/८३ असले वेडेवाकडे आकडे दाखवतं. आणि बघायला मिळालं तर बीपी घेताना उभं राहून बघा. माणसाला पाच मिनिटं बसू दिलं का, पाठीला आधार, पाय जमिनीवर, हात टेबलावर आहे का. एस.टी.तून उतरून जिना चढून आलेल्या माणसाचं लगेच घेतलेलं बीपी काही खरं नव्हे.

गरोदर बाईचंही तसंच. वहीत हिमोग्लोबिन ११ लिहिलंय, तिच्या हातातल्या कार्डावर रकाना कोरा आहे आणि तिला विचारलं, "बोटातनं रक्त काढलं हुतं का गं?" तर ती म्हणते, "न्हाई." मग तिन्हीतलं खरं कुठलं ते सांगायला डॉक्टर लागत नाही.

करून दाखवा म्हणा

"ऑक्सिजन आहे का?" असं विचारलं की "आहे" हेच उत्तर येणार. असं विचारू नका. "चालू करून दाखवा" म्हणा आणि घड्याळ बघा. दहापैकी निम्म्या वेळा सिलिंडर असतो, त्याची चावी नसते. चावी असते तर मास्क कपाटात, कपाटाची किल्ली सिस्टरकडं आणि सिस्टर लसीकरणाला वाडीवर.

आपल्याकडं उसाच्या तोडणीचे दिवस आले की सर्पदंश येतोच. म्हणून एक छोटं नाटक करा. म्हणा, "आत्ता या दारातून घोणस चावलेला तोडकरी आला. मी तोडकरी. चला." आणि गप्प राहा. ड्युटीवरच्या माणसानं काय हुडकलं, किती वेळ हुडकलं ते लिहा. प्रतिविषाच्या कुप्या किती आहेत? विषबाधेची लक्षणं असतील तर सुरुवातीलाच १० लागतात, दोन-तीन ठेवून भागत नाही. मुदत कधीची आहे? काचेची कोरडी, स्वच्छ नळी आहे का? घोणस किंवा फुरसं चावलं की रक्त गोठेनासं होतं. ते ओळखायला थोडं रक्त काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं असतं. प्लास्टिकची नळी चालत नाही. पाच रुपयांची वस्तू, पण रात्री दोन वाजता ती नसली की डॉक्टरही आंधळे. रुग्णाला पुढं हलवायचं ठरलं तर १०८ ला फोन कोण लावणार तेही त्याच नाटकात बघून घ्या.

औषधाच्या खोलीत सगळं मोजू नका, दिवस जाईल. तीनच औषधं निवडा: एक बीपीचं, एक साखरेचं, एक लोहाची गोळी. डबे मोजा, साठ्याच्या वहीशी ताडून बघा. लवकर मुदत संपणारा डबा पुढं आहे का मागं, तेवढं बघा. कचऱ्यासाठी पिवळी, लाल, पांढरी, निळी अशी भांडी असतात. सुई वरच्या वर तुटून पांढऱ्या न फुटणाऱ्या डब्यात जायला हवी. झाडलोट करणाऱ्या मावशींना विचारा, "कधी सुई टोचली का?" टोचलेली असते. त्यांना कावीळ-बची लस मिळाली का, तेही विचारा. हा प्रश्न माझ्या सबंध नोकरीत भेटीला आलेल्या एकाही माणसानं मावशींना विचारला नाही.

पेशंटला 'कसं वाटलं' विचारू नका

आपल्या माणसांना कसं वाटलं विचारलं तर "बरं हाय" म्हणतात. देवमाणसं आहेत डॉक्टर, असंही म्हणतात. उद्या परत तिथंच जायचं असतं ना. म्हणून घडलेलं विचारा. किती गोळ्या दिल्या, दाखवा. कधी घ्यायच्या सांगितलं? बाहेरच्या मेडिकलमधून काय आणायला सांगितलं? कुणाला काही द्यावं लागलं का? परत कधी बोलावलंय? दवाखान्याच्या फाटकावर विचारू नका, एस.टी. थांब्यावर विचारा. तिथं माणूस मोकळा होतो.

एक काळजी मात्र घ्या. वहीचे फोटो काढू नका आणि नावं बाहेर आणू नका. एका गावात समितीच्या सदस्यानं बैठकीत क्षयाच्या वहीतलं नाव मोठ्यानं वाचलं. त्या पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं. दवाखाना सुधारायला गेलेल्या माणसानं केलेलं हे काम. तेव्हापासून मी नाव झाकायला पुठ्ठ्याची पट्टी घेऊन फिरायची.

आणि पाहणी दवाखान्याच्या कंपाउंडला संपत नाही. गावात अंथरुणाला खिळलेली दोन-चार माणसं असतातच. आशाताईला घेऊन एका घरी जा. गोधडी उचलून माकडहाड आणि टाचा बघा. लालसर, न जाणारा डाग दिसला तर तिथं जखम होणार आहे. दर दोन तासांनी कूस बदलायला घरातल्यांना कुणी शिकवलंय का? पाण्याचा तांब्या त्याच्या हाताला येतो का? आशाच्या डायरीत फेऱ्या किती आहेत ते वाचू नका. म्हातारीला विचारा, "ती शेवटची कधी आली हुती?" जाता जाता त्या घरातल्या सुनेलाही विचारा, तू कधी झोपतेस. तिचं नाव कुठल्याच वहीत नसतं.

बैठकीत काय बोलायचं

एवढं बघितल्यावर वहीत वीस-पंचवीस गोष्टी होतात. सगळ्या वाचून दाखवल्या तर दवाखान्याच्या डॉक्टर मॅडमचा चेहरा पडतो, पुढच्या वेळी सगळ्या वह्या आधीच 'तयार' होतात. पहिल्यांदा जे चांगलं दिसलं ते सांगा, खरंच दिसलं असेल तर. मग एकच गोष्ट निवडा. 'सिस्टर निष्काळजी' असं लिहू नका. 'चावी ९ मिनिटं सापडली नाही' असं लिहा. माणसावर बोट ठेवलं की भांडण होतं. वस्तूवर ठेवलं की उपाय निघतो.

अवेडिस डोनाबेडियन म्हणून एक डॉक्टर अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात होते. त्यांनी १९६६ साली मांडलं की दवाखान्याची गुणवत्ता तीन जागी बघायची, रचना, प्रक्रिया आणि परिणाम. ट्रेनिंगमध्ये हे ऐकताना अर्ध्या बायका पेंगत होत्या. मी ते माहेरच्या गुऱ्हाळावर नेऊन बसवलं तेव्हा डोक्यात शिरलं. ऊस गाळायचा चरक आणि रस आटवायची काहील ही रचना. मळी वेळेवर काढणं, जाळ सांभाळणं ही प्रक्रिया. गुळाची ढेप हा परिणाम. ढेप काळी आली की लोक नवी काहील मागतात. बहुतेक वेळा गुळव्या उठून तंबाखू खायला गेलेला असतो. पण कधी कधी काहीलच खरंच फुटकी असते, आणि तेव्हा गुळव्याला शिव्या देऊन काय होणार? आपली अडचण तिघांतली कुठली, ते आधी ठरवा.

खटावकडच्या एका दवाखान्यात बीपी-साखरेच्या वहीत दीडशेच्या आसपास नावं होती. महिन्याला येत होती पन्नास. सगळे म्हणत, लोक अडाणी आहेत. आम्ही का, का, असं विचारत मागं गेलो. लोक का येत नाहीत? दहाच दिवसांच्या गोळ्या मिळतात आणि प्रत्येक खेपेला अर्धी मजुरी बुडते. दहाच दिवसांच्या का? साठा कमी. साठा कमी का? मागणी मागच्या महिन्याच्या खपावर जाते. खप कमी का? लोक येत नाहीत म्हणून. असं सापाच्या तोंडात सापाचंच शेपूट होतं. मग मागणी खपावर न करता वहीतल्या नावांवर केली, ज्यांचं बीपी ठीक होतं त्यांना तीस दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि तपासणी बाजाराच्या दिवशी ठेवली. लसीकरणाला आमची कप्प्यांची कापडी पिशवी असते, टिकलर बॅग, महिन्यावारी कार्डं ठेवायची. तशीच एक बीपीसाठी शिवून घेतली. महिना संपला की ज्या कप्प्यात कार्ड उरलं तो माणूस आला नाही, त्याचं नाव आशाकडं.

भिंतीवर पुठ्ठा लावला आणि दर आठवड्याला किती लोक आले त्याचं एक टिंब काढायला लागलो. पहिल्या महिन्यात टिंबं वर गेली. दुसऱ्या महिन्यात धपकन खाली. बाजाराच्या दिवशी एवढी गर्दी झाली की लोक रांग बघून परत जायला लागले. मग बीपी घ्यायचं टेबल व्हरांड्यात काढलं, केसपेपरच्या आधी. टिंबं परत चढली. दीडशेला कधी पोचलो नाही, शंभर-एकशेदहावर थांबलो. पुठ्ठा नसता तर दुसऱ्या महिन्यातली घसरण कुणाच्या लक्षातही आली नसती, उलट योजना यशस्वी म्हणून अहवाल गेला असता.

ठरलेलं काम, कुणाचं नाव आणि कुठली तारीख, एवढं इतिवृत्तात लिहून सह्या घ्या. दोन बैठका झाल्या तरी हललं नाही तर त्याची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या. त्यानंतरही गप्प असतील तर २००५ चा माहिती अधिकार आहे, साध्या अर्जावर ३० दिवसांत उत्तर मागता येतं. पण तिथवर क्वचितच जावं लागतं. माझा अनुभव असा की दुसऱ्या भेटीला तुम्ही परत येता हे कळलं की निम्मी कामं त्या धाकानंच होतात. पहिली भेट सांगून द्या, दुसरी न सांगता.

सुनबाई सोमवारी गेली. बाकड्यावर बसली, नाटक केलं. सिलिंडरची चावी मॅडमच्या पर्समध्ये निघाली, आणि मॅडम त्या दिवशी रजेवर. बैठकीत तिनं तेवढी एकच गोष्ट मांडली. चावी सुतळीनं सिलिंडरलाच बांधायची ठरली. पंधरा दिवसांनी ती गवताचा भारा घरी टाकून तशीच परत गेली. चावी सुतळीला होती. चालू करायला सांगितलं तर फुस्स झालं आणि थांबलं. सिलिंडर रिकामा. पुढच्या वेळी काटा बघायचा, असं तिनं वहीत लिहून घेतलंय.